लायकी ठरवायची कोणी?

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका तरुणाचा निरोप समारंभ होता. मुलगा नेवासे तालुक्यातला, बी.कॉम. झालेला, पेटी सुरेख वाजवणारा. एका संस्थेमार्फत तो दोन वर्षांसाठी पूर्व आफ्रिकेत चालला होता. काम काय, तर अनाथाश्रमातल्या मुलांचं समुपदेशन. उपासना संपली, हार घालून झाले, पुढे चहा-सामोसे चालू होते, तेव्हा मागच्या खोलीत तो मला म्हणाला, "काका, खरं सांगू? मला ह्यातलं काही येत नाही. तिथली भाषा येत नाही. आईबाप गेलेल्या मुलाशी काय बोलायचं असतं तेही ठाऊक नाही. तीन दिवसांचं शिबिर झालंय फक्त." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अशा वेळी आपण सगळे जे म्हणतो तेच म्हणालो, "देव लायक माणसांना पाचारण करत नाही रे बाळा, पाचारण केलेल्यांना लायक करतो."

त्याचा चेहरा निवळला. माझी झोप मात्र त्या रात्री उडाली. पोरगं खरं बोलत होतं आणि मी त्याला एका वाक्यात गप्प केलं होतं.

हे वाक्य पवित्र शास्त्रात कुठेही नाही. आपण मात्र ते वचनासारखंच वापरतो. परदेशी सेवेला निघालेला माणूस "मी लायक नाही" म्हणाला की आपण त्याला विश्वासाचा डोस देतो, जणू त्याला तापच चढलाय. पण त्याच्या तोंडी एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, देवापुढे मी कोण? ह्या अर्थाने लायक कोणीच नाही. प्रभुभोजनाआधी कॅथलिक मंडळी रोमी शताधिपतीचे शब्द म्हणतात, तू माझ्या छपराखाली यावंस इतकी माझी योग्यता नाही, आणि ते रास्तच आहे. दुसरी गोष्ट अगदी साधी, हिशेबाची आहे. मला स्वाहिली येते का? सलाइन लावता येते का? रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला कसं धरायचं ते मला कोणी शिकवलंय का? ह्या प्रश्नांची उत्तरं हो किंवा नाही अशीच असतात, आणि ती प्रार्थनेने बदलत नाहीत. आपण दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर देतो. आपली मुख्य चूक ही, असं माझं मत आहे, आणि ती प्रेमापोटी होते म्हणून तिचं नुकसान कमी होत नाही.

ह्या वाक्यासाठी बायबलमधल्या मोशेचा दाखला देणाऱ्यांनी निर्गम ह्या पुस्तकाचा चौथा अध्याय पुरता वाचावा. मोशे म्हणतो, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. देव म्हणतो, तोंड कोणी केलं, मी तुझ्या मुखाला साहाय्य होईन. आपले प्रवचनकार इथेच थांबतात. मोशे मात्र थांबत नाही. तो म्हणतो, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देवाचा राग भडकतो, हे खरं. पण रागावूनही देव करतो काय? तुझा भाऊ अहरोन चांगला बोलतो, तो तुझं मुख होईल, असं सांगतो. म्हणजे बोलण्याची अडचण होती, तर बोलणारा माणूस जोडीला दिला. मोशेच्या तक्रारीतून एक दुभाषी निघाला! माझ्या त्या तरुणाला मी सुविचार दिला, अहरोन दिला नाही.

आता जिथे हा प्रश्न जिवावर बेतला, तिकडे वळू. युगांडात जिंजा नावाचं शहर आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. विशीतल्या एका अमेरिकन तरुणीने 2009 साली तिथे कुपोषित मुलांसाठी संस्था काढली. देवाने बोलावलं म्हणून ती आली होती. वैद्यकीय शिक्षण काहीही नव्हतं. 2010 ते 2015 ह्या काळात तिच्या केंद्रात 940 मुलं दाखल झाली आणि त्यांतली 105 दगावली. 2019 साली दोन आयांनी तिथल्या कोर्टात दावा लावला. 2020 साली तडजोड झाली, पण संस्थेने जबाबदारी मान्य केली नाही. आपण डॉक्टर असल्याचं कधीच भासवलं नाही, केंद्रात युगांडातले परिचारिका आणि डॉक्टर होते, असं त्या बाईंचं म्हणणं. ते नोंदवलं पाहिजे. मुलं अतिशय वाईट अवस्थेत यायची हेही खरं, आणि दुसरीकडे नेली असती तर किती वाचली असती हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक प्रश्न उरतोच. हीच तरुणी तिच्या अमेरिकेतल्या गावी आजारी मुलांचं केंद्र उघडू शकली असती का? दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं असतं. जिंजामध्ये ते वर्षानुवर्षं चाललं, कारण तिथे गोरी कातडी, इंग्रजी आणि डॉलर हेच प्रमाणपत्र होतं.

म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा एक गावठी प्रश्न मला सुचतो. हे काम माझ्या तालुक्यात मला कोणी करू दिलं असतं का? नेवाशात ज्याला कोणी समुपदेशक म्हणून खुर्ची देणार नाही, त्याला ती आफ्रिकेत का मिळावी?

पुरेसं प्रशिक्षण दिलं की झालं, असं म्हणणारेही भेटतात. माझा त्यावरही भरवसा नाही. 2018 च्या नोव्हेंबरात अंदमानजवळच्या नॉर्थ सेंटिनल बेटावर 26 वर्षांचा एक अमेरिकन तरुण मारला गेला. त्याच्या वेडेपणाची बरीच चर्चा झाली, पण तो बिनतयारीचा नव्हता. भाषाशास्त्राचा कोर्स त्याने केला होता, मिशन संस्थेचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्या बेटावर जायला भारतीय कायद्याने बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बेटावरच्या लोकांनी आपलं उत्तर दिलं होतंच. एका मुलाने बाण मारला आणि तो त्या तरुणाच्या हातातल्या बायबललाच लागला. ह्याहून स्पष्ट निकाल काय असतो? तरी तो परत गेला. त्याने परीक्षा दिली होती ती स्वतःच्या मंडळीपुढे. ज्यांच्याकडे जायचं त्यांनी त्याला नापास केलं होतं.

माझं म्हणणं इतकंच आहे. लायकी पाठवणाऱ्यांनी ठरवायची नाही, जाणाऱ्याच्या मनातल्या पाचारणानेही ठरवायची नाही. ज्यांच्या दारात आपण उभे राहतो त्यांना ती ठरवू द्यायची, आणि निकाल लागेल तो मानायचा. "मी लायक नाही" ही भावना त्या दारापर्यंत नेणारी आहे. तिला आपण घरीच औषध पाजून झोपवतो.

आता कोणी म्हणेल, मग इंग्लंडहून आलेल्या मिशनरी विल्यम केरीचं काय? तो तर मोची होता. केरीचं नाव आपल्याकडे काढावंच लागतं. ज्या माणसाने मराठीचं छापील व्याकरण 1805 साली काढलं आणि 1810 साली कोश छापला, त्याने महाराष्ट्रात पाऊलही ठेवलं नव्हतं. तो बंगालमध्ये 1793 साली उतरला. पहिल्या माणसाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, झाला 1800 च्या डिसेंबरात, म्हणजे सात वर्षांनी. त्या सात वर्षांत एक मुलगा गेला, बायकोचं मन कायमचं बिघडलं, पोटासाठी निळीच्या कारखान्यात नोकरी करावी लागली. बंगालमधल्या श्रीरामपूरला त्याच्या थडग्यावर त्याच्याच इच्छेनुसार एका जुन्या स्तोत्राच्या दोन ओळी कोरल्या आहेत. मी दीन, दुबळा, असहाय किडा, तुझ्या कनवाळू हातांवर पडतो, असा त्यांचा भाव. लायक नसल्याची जाणीव त्याला शेवटपर्यंत सुटली नाही.

पण केरीचं नाव घेऊन "बघा, मोची असून" म्हणणारे एक गोष्ट गाळतात. तो रोज कोणापुढे तरी विद्यार्थी म्हणून बसत होता. बंगालीसाठी रामराम बसू, मराठीसाठी नागपूरकडचे पंडित वैजनाथ. पगार केरीकडून जात होता, पण तुझं वाक्य चुकलं हे सांगायचा अधिकार पंडितांकडे होता. एवढं करूनही काय झालं? श्रीरामपूरहून निघालेलं मराठी नव्या कराराचं भाषांतर मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना परकं वाटलं. इकडच्या अमेरिकन मिशनने नव्याने भाषांतर हाती घेतलं आणि 1826 साली मराठी नवा करार मुंबईत छापून काढला. त्यासाठी खपलेला गॉर्डन हॉल त्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने गेला. केरीचं ते काम मराठी वाचकाने नापास केलं, आणि ह्यात केरीचा अपमान नाही. भाषांतर कोणासाठी होतं, तर वाचकासाठी. निकाल त्यानेच द्यायचा.

फादर थॉमस स्टीफन्सचं उदाहरण ह्याच्या शेजारी ठेवावं. इंग्लंडचा हा जेझुइट 1579 साली गोव्यात आला. त्याचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं 1616 साली, रायतूरला. मध्ये सदतीस वर्षं गेली. ओवीत लिहायचं म्हणजे ज्यांच्या कानात ओवी घोळते त्यांच्या कानाला ती खटकता कामा नये, आणि तो कान तीन दिवसांच्या शिबिरात तयार होत नाही. गोव्यातल्या सासष्टीत पोर्तुगीज सत्ता धर्मगुरूंच्या पाठीशी होती, देवळं पाडली गेली होती, हे विसरून स्टीफन्सचं कौतुक करू नये. पण त्या सत्तेखालीही एका माणसाने लोकांच्या कानापुढे शिकाऊ होऊन बसणं पत्करलं. आपल्याकडे आज "दोन वर्षांचा टर्म" असतो. त्यातले पहिले सहा महिने पोट बिघडण्यात जातात असं तिकडून आलेलेच सांगतात.

लायक नसल्याची भावना प्रामाणिकपणे ऐकली तर काय होतं, ह्याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण इडा स्कडर. मिशनऱ्यांच्या घराण्यातली मुलगी. मिशनरी व्हायची तिची अजिबात इच्छा नव्हती. तमिळनाडूत तिंडिवनमला डॉक्टर वडिलांकडे आलेली असताना एकाच रात्री तीन घरचे पुरुष दारात आले, प्रत्येकाची बायको बाळंतपणात अडलेली. पुरुष डॉक्टरला आत घ्यायला घरचे तयार नव्हते, आणि इडाला काही येत नव्हतं. तिन्ही बायका गेल्या. आपल्यातला कोणी असता तर म्हणाला असता, बाळा, प्रार्थना करून आत जा, देव लायक करील. इडा आत गेली नाही. ती अमेरिकेला परत गेली, कॉर्नेलमधून 1899 साली डॉक्टर झाली आणि मग वेल्लोरला आली. पुढे तिथे जे रुग्णालय आणि महाविद्यालय उभं राहिलं ते आज देशभर माहीत आहे. आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस आले तेही डॉक्टर होऊनच आले. 1894 साली त्यांचं रुग्णालय सुरू झालं आणि वानलेसवाडी हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहे.

उलट उदाहरण द्यायचं तर ग्लॅडिस एलवर्डचं देता येईल. लंडनमध्ये घरकाम करणारी ही बाई. चीनला जायचं म्हणून मिशनकडे गेली, तर चिनी भाषा जमायची नाही म्हणून तिला परत पाठवलं. तिने पै-पै साठवून रेल्वेचं तिकीट काढलं आणि एकटीच निघाली. पाठवणाऱ्यांची परीक्षा चुकू शकते ती अशी. पण पुढचंही बघा. यांगचेंगला ती एका म्हाताऱ्या, मुरलेल्या मिशनरी बाईच्या हाताखाली राहिली. बोली रस्त्यावर आणि सरायीत शिकली. मुलींचे पाय बांधायची चाल बंद करण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्याने तिला पाय तपासायच्या कामावर नेमलं. लंडनच्या समितीने नाकारलेल्या बाईला यांगचेंगने नोकरी दिली. परीक्षक बदलला आणि ती पास झाली.

मग हे सगळं इतकं उघड असताना आपल्याला जमत का नाही? त्याचं मुख्य कारण पैसा आहे, आणि ते बोलायला आपण कचरतो. परदेशी गेलेला सेवक दर दोन-तीन महिन्यांनी प्रार्थनापत्र पाठवतो. हल्ली ते व्हॉट्सॲपवर येतं, फोटोंसकट. हसरी मुलं, फळ्यासमोर उभा आपला माणूस, खाली एखादं वचन आणि प्रार्थनेचे विषय. हे पत्र ज्यांना जातं त्यातलेच लोक त्याचा महिन्याचा खर्च उचलतात. आता त्याने त्या पत्रात लिहायचं का, की गेल्या तीन महिन्यांत माझा इथे काही उपयोग झाला नाही, मी शिकवलेलं मुलांना कळत नाही, आणि शेजारच्या गल्लीतली एक स्थानिक बाई माझ्या दुप्पट चांगलं काम करते? लिहिलं तर पुढच्या महिन्याची रक्कम येईल का? म्हणून ती भावना फक्त दोनच ठिकाणी बोलली जाते, रात्री प्रार्थनेत आणि परत आल्यावर मागच्या खोलीत. मंडळी सांत्वन करते, कारण सांत्वन फुकट असतं. शिकायला पाठवायचं तर फी भरावी लागते.

ह्याची दुसरी बाजू युरोपात दिसते. जर्मनीतल्या कितीतरी पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक कॅथलिक चर्चमध्ये, आज भारतीय धर्मगुरू आहेत, बरेचसे केरळचे. त्यांना लायक नसल्याची जाणीव करून द्यायला कोणी लागत नाही. पहिल्या बाकावरची आजीबाईच मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर सांगते की फादर, तुमचं प्रवचन कळलं नाही. त्यात कधी वंशाचा दर्प असतो, तोही खरा. तरी तो धर्मगुरू घरी जाऊन जर्मन व्याकरण उघडतो, कारण ऐकणाऱ्याला नाराजी बोलून दाखवता येते. जिंजातल्या आईला ती सोय नव्हती. ज्याच्या हातात धान्य, औषध आणि शाळेची फी आहे त्याला "तुम्हाला हे येत नाही" असं कोण म्हणेल? म्हणून जिथे लोक आपल्याला तोंडावर नावं ठेवत नाहीत, तिथे जास्त घाबरावं. आपण खेड्यात गेल्यावर लोक "साहेब, फार छान" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे मराठी माणसाला काय सांगायचं!

ज्यांच्याकडे जायचं त्यांनी हे शतकाआधीच सांगून ठेवलंय. 1910 साली एडिंबराला जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी होते, आशियातले बोटांवर मोजण्याइतके. त्यांत दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरया उभे राहिले. मिशनऱ्यांच्या त्यागाचे आभार त्यांनी मनापासून मानले. तुम्ही आपली मालमत्ता गरिबांना दिलीत, आपली शरीरंही दिलीत, असं म्हणून शेवटी त्यांनी मागणं केलं, "आम्हाला मित्र द्या!" मित्र म्हणजे काय, तर ज्याला तू चुकतोयस असं म्हणता येतं तो. 1971 साली केनियाचे जॉन गाटू अमेरिकेत जाऊन पुढचंच बोलले, की काही काळ मिशनरी आणि पैसे दोन्ही पाठवणं थांबवा, आमच्या मंडळ्यांना आपल्या पायावर उभं राहू द्या. पाठवणाऱ्यांना ते कडू लागलं. मला त्यात प्रेमाची भाषा ऐकू येते, पण ते असो.

धर्मांतर योग्य की अयोग्य, मिशनरी जावेतच का, हा मोठा वाद आहे, तो मी इथे मुद्दाम उघडलेला नाही. ज्यांना मिशनरीच नको आहेत त्यांनाही एवढं पटेल की आईबाप नसलेल्या मुलासमोर बसणाऱ्याला त्याचं काम यावं.

मी आमच्या पंचकमिटीपुढे एक साधी सूचना ठेवली. ज्या संस्थेमार्फत माणूस जाईल, तिने तिथल्या स्थानिक मंडळीकडून दोन पत्रं आणावीत. एक जाण्याआधी, आम्हाला असा माणूस, ह्या कामासाठी हवा आहे असं. दुसरं वर्षाने, हा माणूस ठेवावा की परत बोलवावा असं. दुसरं पत्र आमच्याकडे थेट यावं, आपल्या माणसाच्या हातून नको. आणि शिकण्याचा खर्च पाठवण्याच्या खर्चात धरावा. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "असं केलं तर जाणार कोण हो?" मी म्हटलं, कमी जातील. त्यांनी हे इतिवृत्तात लिहून घेतलं, माझ्यावरचा आक्षेप म्हणून.

तो तरुण गेला नाही. निरोपाच्या चौथ्या दिवशी तो घरी आला आणि त्याने संस्थेला कळवल्याचं सांगितलं. आधी पुण्यात समुपदेशनाचा कोर्स करायचा आणि सोबत स्वाहिली शिकायची, असं त्याने ठरवलं होतं. हारतुरे झालेले, वर्गणी जमलेली, त्यामुळे मंडळीत चार तोंडांनी चार गोष्टी झाल्या. विश्वास डगमगला म्हणे. एका कुटुंबाने दिलेले पाच हजार परत मागितले. त्याने ते दिले आणि पावतीवर त्यांची सही घेतली. बी.कॉम.चा मुलगा, ते काम त्याला येत होतं.